कुंचल्याचे बाळासाहेब

बाळ ठाकरे नेते होण्याआधी व्यंगचित्रकार होते. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये आर. के. लक्ष्मण त्यांचे सहकारी. ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो हे त्यांचं दैवत. नोकरी सोडून भाऊ श्रीकांत यांच्यासोबत १९६० मध्ये त्यांनी 'मार्मिक' हे साप्ताहिक काढलं. नाव वडील प्रबोधनकार ठाकरे यांनी सुचवलेलं, १३ ऑगस्टला प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. ब्रशचे मोजके फटकारे आणि पुढारी हुबेहूब! ती रेषा मला आजही थक्क करते.

याच साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' हे सदर अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापायचं. मराठी तरुण त्यातून पेटला, पण माणसांची आडनावं लक्ष्य करणं मला पटत नाही. याच वातावरणात १९ जून १९६६ ला ठाकरेंनी शिवसेना स्थापन केली. 'मार्मिक'चे जुने अंक मिळाले तर आधी चित्रं पाहा.