शिक्षा गाण्याला की नकाराला?

आणीबाणीच्या काळात, मे १९७६ मध्ये, किशोरकुमारांचा आवाज आकाशवाणी व दूरदर्शनवरून एकाएकी नाहीसा झाला. त्यांच्या गीतांत राजद्रोहाचे अक्षरही नव्हते. वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी सरकारने चित्रपटसृष्टीकडे सहकार्य मागितले आणि या गायकाने ते नाकारले, एवढाच काय तो अपराध!

केसकर मंत्री असताना, १९५२ च्या सुमारास, आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार लावले होते. पण तो अभिरुचीचा हट्ट होता. आणि श्रोत्यांना निदान रेडिओ सिलोन तरी मोकळा होता. १९७६ मध्ये गाण्याची परीक्षा झालीच नाही. गायकाची मान लवते की नाही, एवढेच पाहिले गेले. ध्वनिक्षेपकच सरकारच्या मालकीचा असल्यावर त्यासाठी खटला, आरोपपत्र, न्यायाधीश यांची गरज कशाला पडावी? ध्वनिमुद्रिकांची विक्री रोखण्याचेही घाटले. अखेर गायकाने सहकार्याची तयारी लेखी कळविली, तेव्हा बंदी उठली. शहा आयोगाच्या अहवालात या सूडबुद्धीची नोंद झाली, ती १९७८ मध्ये. तोवर तीच गाणी, एकही शब्द न बदलता, पुन्हा घरोघरी वाजू लागली होती.