भरडण्याचे यंत्र

धान्य फोडण्याच्या क्रियेसाठी मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत. गव्हाचे पीठ करावयाचे असेल तर आपण गहू दळतो. हरभऱ्याची डाळ करावयाची असेल तर हरभरा भरडतो. जाते तेच असले, तरी भरडताना वरचा दगड किंचित उचलून घ्यावा लागतो. दाणा फुटावा, पण त्याचे पीठ होऊ नये, एवढीच अपेक्षा असते. आज ज्या छोट्या यंत्राविषयी मी बोलणार आहे, त्याचे काम या दुसऱ्या शब्दात सामावलेले आहे. अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांत घरच्या घरी बिअर तयार करणारे पुष्कळ हौशी लोक आहेत. त्यांतील काहीजण त्यासाठी लागणारे धान्य भरडण्याची विजेवर चालणारी गिरणीही स्वतःच जुळवतात.

या छंदाला कायद्याची मान्यता मिळण्यास तेथेही वेळ लागला. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवाना घेण्याची १८८० सालापासूनची अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी १९३३ साली उठली; परंतु घरी बिअर करण्याची मोकळीक तेव्हा मिळाली नाही. त्यासंबंधीच्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. दोन किंवा अधिक प्रौढ व्यक्ती असलेल्या कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन, तेही विक्रीसाठी नव्हे, अशी मर्यादा त्यात आहे. आपल्याकडील स्थिती वेगळी आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे, मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे, आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. म्हणून बिअर कशी करावी, हे सांगण्याचा येथे हेतू नाही. यंत्राची रचना मात्र कोणालाही समजून घेण्याजोगी आहे.

लहान मुलांसाठी नाचणीला मोड आणून, ती वाळवून, तिचे पीठ करण्याची रीत आपल्या घरांत आहे. अशा पिठाची पेज पातळ होते व पचण्यास हलकी असते. मोड येताना दाण्यात विशिष्ट द्रव्ये निर्माण होतात आणि ती पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू लागतात, हे त्याचे कारण. जवाला असेच मोड आणून ते भट्टीच्या उष्णतेने वाळवले, म्हणजे जो पदार्थ मिळतो त्याला माल्ट म्हणतात. हा माल्ट भरडून सुमारे ६५ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवला की पिष्टाची साखर होते आणि गोड रस तयार होतो. आता हा रस चोथ्यापासून वेगळा करावयाचा असतो, आणि तेथे जवाच्या टरफलाचे महत्त्व कळते. टरफले भांड्याच्या तळाशी एकमेकांवर बसून त्यांचा सच्छिद्र थर तयार होतो. तोच गाळणीचे काम करतो. निराळे फडके लागत नाही.

यामुळे भरडणाऱ्यापुढे परस्परविरोधी दोन मागण्या उभ्या राहतात. आतील पिष्ट चांगले फुटले नाही, तर साखर दाण्यातच अडकून राहते व धान्य वाया जाते. उलट दाणा फार बारीक झाला, तर टरफलांचाही भुगा होतो, पिठाचा चिखल तळाशी बसतो आणि रस गळेनासा होतो. शिवाय भुगा झालेल्या टरफलांतून तुरट द्रव्य अधिक प्रमाणात उतरण्याचा संभव असतो. घरगुती मापाने एका वेळी सुमारे १९ लिटर बिअर करतात आणि तिला चार ते पाच किलो माल्ट लागतो. भरड बिघडली तर हे सारे धान्य आणि त्यामागचा दिवसभराचा श्रम पणाला लागतो.

जात्याचे दोन दगड किंवा चक्क्या दाण्याला रगडतात. टरफल राखावयाचे असेल तर रगडण्यापेक्षा दाबणे बरे. म्हणून या गिरणीत पोलादाचे दोन आडवे रूळ समांतर बसवलेले असतात. ते परस्परांविरुद्ध दिशांनी फिरतात आणि दाणा त्यांच्यामधील फटीत चिरडला जातो. पुष्कळ घरगुती गिरण्यांत एकाच रुळाला गती दिलेली असते. दुसरा धान्याच्या ओढीने आपोआप फिरतो. रूळ गुळगुळीत असतील तर दाणा वरच्या वर घसरत राहील. म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर बारीक चौकडीच्या खाचा पाडतात. झिजलेल्या जात्याला टाकी लावून ते खरखरीत करून घेत, त्यामागचा हेतू याहून वेगळा नव्हता. फट साधारण एक मिलिमीटर ठेवतात, आणि ती रुळांच्या दोन्ही टोकांना सारखी आहे की नाही, हे पातळ मापपट्टी घालून तपासतात. नजरेचा अंदाज येथे पुरत नाही.

अशी गिरणी हाताने फिरवता येतेच. पण पाच किलो धान्य फिरवून हात भरून आला की विजेच्या मोटारीची आठवण होते, आणि येथून खरी अडचण सुरू होते. अमेरिकेत वापरली जाणारी सामान्य मोटर मिनिटाला सुमारे १७२५ फेरे घेते. तीच गती रुळांना दिली तर टरफले फाटून पीठच हाती येईल. रुळांना साधारण दोनशे फेरे पुरेत. म्हणून मोटरच्या दांड्यावर दीड इंच व्यासाची कप्पी आणि रुळाच्या दांड्यावर बारा इंच व्यासाची कप्पी बसवून दोहोंवरून पट्टा घेतात. व्यासांचे प्रमाण एकास आठ असल्याने फेरे सुमारे २१५ वर येतात, आणि घर्षणात जाणारा थोडा अंश सोडला तर फिरवण्याचा जोर आठपट होतो. त्यामुळे अर्ध्या अश्वशक्तीची मोटरही सहज काम करते. आपल्याकडे विजेची आवर्तने सेकंदाला ५० असल्याने तशाच मोटरचे फेरे १४४० च्या आसपास असतात. याच कप्प्यांनी ते १८० होतील.

गती उतरली तरी दुसरा प्रश्न उरतो. हाताने दळणाऱ्याला जात्यात खडा आला की तत्काळ कळते. हात आपोआप थांबतो. मोटरला ती जाणीव नसते. म्हणून हाताचे हे शहाणपण यंत्राच्या बांधणीतच घालावे लागते. माल्टमधून एखादा खडा रुळांत आला, तर पट्टा कप्पीवर घसरतो आणि रूळ व दांडा मोडण्यापासून वाचतात. पट्टा अवाजवी ताणून बसवणे त्यासाठीच अहिताचे. मोटर आधी सुरू करावी, रूळ पूर्ण गतीला आले की मग धान्य सोडावे. भरल्या रुळांवर मोटर उचलत नाही आणि तापते. पट्टा व कप्प्या पत्र्याच्या किंवा लाकडाच्या आवरणात झाकलेल्या हव्यात, कळ हाताच्या टप्प्यात हवी, आणि धातूच्या सांगाड्याला जमिनीची तार जोडलेली हवी. धान्याच्या पात्राला जाळी बसवली तर बोटे रुळांपर्यंत पोहोचत नाहीत. विजेची जोडणी मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घेणे इष्ट.

धान्याच्या धुळीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. हवेत पसरलेली पिठाची धूळ ठिणगीने स्फोट पावू शकते. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे २ मे १८७८ रोजी वॉशबर्न कंपनीच्या पिठाच्या प्रचंड गिरणीत असा स्फोट होऊन अठरा माणसे मृत्युमुखी पडली. पाच किलोच्या भरडीत तो धोका फार लहान असतो. तरीही सर्व बाजूंनी बंद असलेली मोटर आणि मोकळी हवा या गोष्टी हव्यातच. या धुळीबरोबर रस आंबट करणारे जिवाणूही उडतात. म्हणून जाणकार लोक भरडण्याची जागा रस आंबवण्याच्या जागेपासून दूर ठेवतात.

यंत्र तयार झाल्यावर पहिली मूठभर भरड पांढऱ्या कागदावर पसरून पाहतात. टरफले बहुतेक अखंड, आतील गर तीनचार तुकड्यांत फुटलेला, पीठ थोडे आणि न फुटलेला दाणा क्वचित एखादा, असे दिसले तर फट योग्य आहे. अखंड दाणे जास्त असतील तर ती थोडी कमी करावी. टरफलांच्या चिंध्या झाल्या असतील तर वाढवावी. काहीजण भरडण्यापूर्वी पाच किलो माल्टवर शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी शिंपडून ते हाताने कालवतात. टरफल त्यामुळे चिवट होते आणि दाबाखाली फाटत नाही. आतील गर मात्र कोरडाच राहतो.

मोटर बाजारात विकत मिळते, कप्प्याही मिळतात. मोजूनमापून ठेवावी लागते ती एका मिलिमीटरची फट, आणि ती ठरवण्यासाठी शेवटी चिमूटभर भरड बोटांत धरूनच पाहावी लागते. जात्यावर बसलेली गृहिणीही भरड अशीच चिमटीत घेऊन पाही, आणि वरचा दगड किती उचलायचा ते ठरवी.