जुन्या वेब-पानांची दुरुस्ती

संगणकाच्या पडद्यावर आपण जें पान वाचतों, त्याच्या पाठीमागें खुणांनीं भरलेलें दुसरें एक पान असतें. छापखान्यांत जुळाऱ्यासाठीं हस्तलिखिताच्या समासांत सूचना लिहीत, तशाच या खुणा: येथें मथळा, येथें परिच्छेद संपला. त्यांची भाषा, एचटीएमएल, टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न संस्थेंत रचिली; तिच्या खुणांचें पहिलें टिपण १९९१ सालचें आहे. शास्त्रज्ञांस आपले निबंध एकमेकांस वाचावयास द्यावयाचे होते, नटवावयाचे नव्हते.

पुढें नटवण्याचा सोस वाढला. अक्षराचें वळण, आकार व रंग सांगणारी 'फॉन्ट' ही खूण १९९७ च्या जानेवारींत प्रमाण आवृत्तींत रीतसर दाखल झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुढील आवृत्तीनें ती त्याज्य ठरविली! रूपासाठीं सीएसएस ही निराळी भाषा तोंवर सिद्ध झाली होती. २०१४ सालीं मान्य झालेल्या पांचव्या आवृत्तीनें तर 'फॉन्ट' वापरण्याची मुभाच लेखकांस ठेविली नाहीं.

तथापि जुनें पान आजही दिसतें. ब्राउझर जुन्या खुणा मुकाट्यानें पाळतात. मग हा खटाटोप कशास, असें आपण विचाराल. श्रोतेहो, अंध वाचक पान पाहत नाहीं, ऐकतो. पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली त्यास एका कळीसरशी मथळ्यावरून मथळ्यावर नेते. आपण वर्तमानपत्रावरून नजर फिरवितों, तसेंच तें. जुन्या पानांत मथळा म्हणजे केवळ मोठ्या अक्षरांची ओळ. ती मथळा आहे हें कोठेंच लिहिलेलें नसल्यामुळें त्यास आरंभापासून सारें ऐकत बसावें लागतें.

'फॉन्ट' पुसून टाकणें यंत्रास क्षणाचें काम आहे. परंतु ठळक अक्षरांतील कोणती ओळ मथळा, कोणता शब्द जोर देण्यासाठीं आणि कोणता निव्वळ हौसेखातर, हें ठरविण्यास मजकूर वाचावाच लागतो. तो वाचण्याचा कंटाळा करणाऱ्यानें या कामास हात न घालणें बरें.

जुन्या मराठी पानांत तर याहून मोठा धोका आहे. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ पासून स्थान असलें, तरी पुढें कित्येक वर्षें आपलीं पानें निरनिराळ्या खासगी टंकांत रचिलीं गेलीं. त्यांत मुळाशीं रोमन अक्षरें व चिन्हेंच असतात; 'फॉन्ट'ची खूण त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढविते. ती खूण पुसली कीं पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग उरतो, आणि कोणता टंक वापरला होता याची एकमेव नोंदही तिच्याबरोबर जाते. अंध श्रोत्याच्या कानीं तर पहिल्यापासून तो ढीगच पडत आलेला आहे. म्हणून आधीं मूळ प्रत जपून ठेवावी, टंकाचें नांव टिपून घ्यावें, मजकूर युनिकोडांत आणावा आणि जोडाक्षरें व रफार डोळ्यांनीं तपासावे; 'फॉन्ट'ला रजा त्यानंतर.

पानाच्या आरंभीं भाषेची नोंदही पाहावी. ती पुष्कळदां इंग्रजीच राहिलेली असते. तेथें 'एमआर' हीं दोन अक्षरें घातलीं म्हणजे वाचणाऱ्या आज्ञावलीस मराठी आवाज निवडतां येतो, आणि ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत 'ल' व 'श' मराठी वळणाचे उमटतात.