श्राव्यातीत गतिमापन
मानवी कानास ऐकू न येणाऱ्या, म्हणजे २०,००० हर्ट्‌झपेक्षा अधिक कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) ध्वनितरंगांच्या साहाय्याने वस्तूचे अंतर वारंवार मोजून त्यावरून तिची गती ठरविण्याची पद्धत. १९७८ मध्ये पोलरॉइड कंपनीने कॅमेऱ्याचे भिंग आपोआप केंद्रित करण्यासाठी असा अंतरमापक वापरला. पुढे त्याचा उपयोग भौतिकीच्या प्रयोगशाळांतही होऊ लागला. आर्डुइनोसारखे (२००५) स्वस्त सूक्ष्मनियंत्रक फलक निघाल्यावर हे मापन हौशी प्रयोगकर्त्यांच्या आवाक्यात आले.

तत्त्व : या कामी एचसी-एसआर०४ हा संवेदक सर्रास वापरतात. सूक्ष्मनियंत्रकाने त्याला १० मायक्रोसेकंदांचा (१ मायक्रोसेकंद = सेकंदाचा दशलक्षांश) विद्युत् स्पंद दिला की, त्यातील दाबविद्युत् प्रेषक ४०,००० हर्ट्‌झ कंप्रतेची आठ आवर्तने सोडतो. वस्तूवरून परावर्तित झालेला ध्वनी ग्राही टिपतो. ध्वनीच्या जाण्यायेण्यास लागलेला काल सूक्ष्मनियंत्रक मोजतो. त्यास ध्वनिवेगाने गुणून दोनाने भागले म्हणजे अंतर मिळते. २०° से. तापमानास हवेतील ध्वनिवेग सु. ३४३ मी./से. असल्याने १ सेंमी. अंतरास सु. ५८ मायक्रोसेकंद पडतात. सु. २ सेंमी. ते ४ मी. अंतरापर्यंत हा संवेदक उपयोगी पडतो.

वेग व प्रवेग : संवेदक केवळ अंतर सांगतो, वेग व प्रवेग गणिताने काढावे लागतात आणि खरी अडचण तेथेच आहे. आधीचा प्रतिध्वनी विरून जावा म्हणून लागोपाठच्या दोन मापनांत सु. ६० मिलिसेकंदांचे अंतर ठेवतात. प्रतिध्वनीचे पहिले आवर्तन दुर्बल असल्याने ते निसटून दुसरे टिपले गेले, तर अर्ध्या तरंगलांबीची, म्हणजे सु. ४.३ मिमी.ची चूक होते. अंतरात ती क्षुल्लक असते. परंतु कालांतराने भागल्यावर वेगात ती सु. ७ सेंमी./से. होते आणि लागोपाठच्या तीन वाचनांवरून काढलेल्या प्रवेगात गुरुत्वीय प्रवेगाच्या जवळजवळ चतुर्थांश होऊ शकते. म्हणून दोन-तीन वाचनांवर विसंबून न राहता अनेक वाचनांना सर्वांत चांगला जुळणारा वक्र काढतात व त्याच्या उतारावरून वेग ठरवितात. उदा., उतारावरून घरंगळणाऱ्या गाडीच्या अंतर-काल आलेखास अन्वस्त वक्र जुळवून तिचा प्रवेग समाधानकारक रीत्या मिळतो. मात्र वाचने फार वेळाची घेतल्यास गतीतील क्षणिक बदल त्यांत लोपतात.

इतर त्रुटी : तापमान १° से. ने वाढल्यास ध्वनिवेग सु. ०.६ मी./से. ने वाढतो. ३५° से. तापमानास २०° से. चा ध्वनिवेग गृहीत धरल्यास २ मी. अंतर सु. ५ सेंमी. ने कमी दिसते आणि वेगही त्याच प्रमाणात कमी येतो. ही चूक वाचनांची संख्या वाढवून जात नाही. हवेचे तापमान मोजूनच दुरुस्ती करावी लागते. मऊ कापडात ध्वनी शोषला जातो, तर तिरप्या गुळगुळीत पृष्ठावरून तो दुसरीकडे वळतो. यास्तव हलत्या वस्तूवर संवेदकासमोर सपाट, कठीण पुठ्ठा बसविणे हितावह असते.