परदेशी व्यापाराचा कोर्स सुरू करायचाय? अनुदानाचा प्रस्ताव तालुक्याच्या बाजारातून सुरू करा

छत्रपती संभाजीनगर : छावणीला लागूनच नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्यातल्या गरीब घरच्या मुलांना कॉलेजचे दार उघडले. १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला बाबासाहेबांचा स्वतःचा ग्रंथ रुपयाच्या प्रश्नावर, म्हणजे चलन आणि विनिमयावर होता. आज याच भागात कन्नड, सिल्लोड, फुलंब्रीहून एसटीने येऊन बी.कॉम. करणाऱ्या मुलांच्या घरी मका, अद्रक, मिरची पिकते. बाहेरच्या देशांची मागणी आणि डॉलरचा दर यांचा परिणाम या मालाच्या भावावरही होतो. तरीही निर्यातीचे एकही कागद न पाहता अनेकांच्या हाती पदवी पडते.

ही उणीव भरून काढणारा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करायची इच्छा अनेक महाविद्यालयांना असते. अडते ते पैशावर, आणि पैसा अडतो प्रस्तावावर.

आधी गरज, मग योजना

नेहमीची चूक अशी, की जाहिरात आली की घाईघाईने अर्ज भरायचा. मग 'जागतिकीकरणाच्या युगात' अशी सुरुवात होते आणि तपासणाऱ्याला महाविद्यालय कुठले आहे हेसुद्धा कळत नाही.

प्रस्तावाचे पहिले पान तालुक्याचे असावे. बाजार समितीकडून तीन वर्षांची आवक आणि भाव घ्या. किती शेतकरी कंपन्या, व्यापारी, लघुउद्योग यांच्याकडे आयात-निर्यात कोड आहे, याची पाहणी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या. वाळूज, शेंद्रा इथल्या कारखान्यांना निर्यात विभागात कसली माणसं लागतात, ते जाऊन विचारा. या तीन गोष्टींतून गरज आकड्यांत दिसते, आणि ती दुसऱ्या कोणाच्या अर्जातून उतरवता येत नाही.

दार कोणते ठोठवायचे?

पीएम-उषा ही केंद्राची योजना २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी आखली गेली. महाविद्यालय बळकटीकरणासाठी तिच्यात प्रत्येकी ५ कोटी रुपयांपर्यंत तरतूद होती आणि महाराष्ट्रासाठी केंद्र-राज्य वाटा ६०:४० होता. प्रस्ताव राज्यामार्फत जातो. त्यामुळे पुढचा टप्पा सुरू आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

आयसीएसएसआर ही संस्था सामाजिक शास्त्रांतील संशोधन आणि परिसंवादांना मदत करते. तिच्याकडे इमारत मागू नये. 'मिरची निर्यातीत छोट्या शेतकऱ्याची अडचण' असा विषय मात्र तिथे बसतो.

युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लसमध्ये 'जाँ मोने मॉड्यूल' हा प्रकार आहे. युरोपच्या व्यापार नियमांसारखा विषय तीन वर्षे, दरवर्षी किमान ४० तास शिकवावा लागतो. याच कार्यक्रमातील क्षमता विकासाच्या मोठ्या प्रकल्पांना मात्र एकट्या महाविद्यालयाला अर्ज करता येत नाही. युरोपातील संस्थांसह गट लागतो.

जमाखर्च बोलका हवा

खर्चाची प्रत्येक ओळ एखाद्या कामाशी जोडलेली असावी. समजा, कन्नडच्या एका महाविद्यालयाने ४० विद्यार्थ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स मांडला. एचएस कोड, शिपिंग बिल, लेटर ऑफ क्रेडिट, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हे शिकवायला कस्टम्सचे काम करणारे एजंट आणि बँकेचे अधिकारी यांची व्याख्याने लागतील. न्हावाशेवा बंदराची एक अभ्यास सहल लागेल. एवढे नीट मांडले तर मागणी पटते. त्याच अर्जात ३० संगणक आणि वातानुकूलित सभागृह घुसवले, की शंका येते.

महाविद्यालय स्वतः काय देणार, तेही लिहावे : खोली, वीज, प्राध्यापकांचे तास. कारखान्याचे किंवा शेतकरी कंपनीचे पत्र जोडताना 'शुभेच्छा' पुरत नाहीत. किती विद्यार्थ्यांना किती दिवस काम शिकवणार, हे त्यात हवे.

परदेशी पैसा, वेगळे नियम

परदेशी निधी घ्यायचा असेल तर विदेशी अंशदान कायदा २०१० आधी पाहावा. संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्यावी लागते आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्या प्रकरणात काय लागू होते, हे अर्जापूर्वीच सनदी लेखापालाकडून समजून घ्यावे. मंजुरी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

पाठवण्यापूर्वी

- यूजीसीच्या २(एफ) आणि १२(बी) मान्यतेची पत्रे, नॅकचे प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल एका फायलीत ठेवा.
- जुन्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र थकले असेल तर ते आधी द्या. नवा अर्ज तिथेच अडकू शकतो.
- अनुदान संपल्यावर कोर्स कशावर चालणार, हे स्पष्ट लिहा. माफक फी, कारखान्यांचा वाटा, बाहेरच्या व्यापाऱ्यांसाठी शनिवारची बॅच, काहीही चालेल, पण नुसतं 'प्रयत्न करू' नको.
- शेवटच्या दिवशी पोर्टल अडले तर कोणी ऐकत नाही. दोन दिवस आधीच अर्ज भरा.

आणखी एक साधी कसोटी आहे. तयार प्रस्ताव बाजार समितीतल्या एखाद्या अडत्याला किंवा शेतकऱ्याला मराठीत वाचून दाखवावा. 'हे शिकलेलं पोरगं आमच्या कामाचं आहे' असे त्याला वाटले, तर पहिल्या पानावरची गरज खरी आहे. तसे वाटले नाही, तर पहिले पान पुन्हा लिहावे.