ड्यूक २५० की ३९०: जादा सीसीचे पैसे नेमके कुठे जातात

केटीएमची २५० ड्यूक आणि ३९० ड्यूक शोरूममध्ये शेजारी-शेजारी उभ्या केल्या, तर सवय नसलेल्या माणसाला पटकन फरक सांगता येत नाही. दोन्ही पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. दोन्ही सप्टेंबर २०२३ मध्ये एकाच वेळी नव्या रूपात आल्या. तेव्हाच्या एक्स-शोरूम किमती होत्या २ लाख ३९ हजार आणि ३ लाख ११ हजार. म्हणजे दिसायला सख्ख्या बहिणी आणि किमतीत ७२ हजारांचं अंतर. घरातल्या मोठ्यांचा मग सरळ प्रश्न येतो: "दिसते तर तशीच, वरचे पैसे कशाचे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. दीडशे सीसीची एका कंपनीची गाडी आणि सहाशे सीसीची दुसऱ्या कंपनीची गाडी अशी तुलना केली, तर वजन, टायर, ब्रेक, बसण्याची ढब असं सगळंच वेगळं निघतं आणि सीसीमुळे काय झालं ते कळत नाही. या दोघींत बाकी बरंचसं सारखं असल्यामुळे इंजिन मोठं झाल्यावर काय मिळतं आणि काय जातं, हे स्वच्छ दिसतं.

नेकेड बाइकचं गणित

नेकेड म्हणजे पुढे वारा अडवणारं फेअरिंग नसलेली बाइक. रुंद हँडल, बऱ्यापैकी सरळ बसणं, वळवायला हलकी. शहरात आणि घाटात यापेक्षा मजेची गाडी नाही. पण मोकळ्या रस्त्यावर सगळा वारा थेट छातीवर येतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वाऱ्याला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी ८० वरून ११० वर गेलात, तर वेग दीडपटही वाढलेला नसतो, पण वारा कापायला लागणारी ताकद अडीच पटीच्या वर जाते. हेल्मेट मागे ओढलं जातं, मान भरून येते. त्यामुळे "टॉप किती मारते?" हा कट्ट्यावरचा लाडका प्रश्न नेकेड बाइकच्या बाबतीत बिनकामाचा. ३९० ताशी दीडशेच्या पुढे जाते हे खरं, पण त्या वेगाने कुणी तासभर बसून दाखवावं! शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. उरले साधे महामार्ग, आणि केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावरही दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे. ती मर्यादा दोन्ही गाड्या हसत-खेळत गाठतात.

सांगाडा एक, इंजिनं दोन

दोन्हींना स्टीलची ट्रेलिस फ्रेम, पुढे ४३ मिलिमीटरचा उलटा फोर्क, पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० मापाचे सतरा इंची टायर, पुढे ३२० आणि मागे २४० मिलिमीटरच्या डिस्क, १५ लिटरची टाकी. दोन्हींना सहा गिअर, क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर आणि झटकन खालचे गिअर टाकताना मागचं चाक अडखळू न देणारा स्लिपर क्लच. २५० चं वजन सुमारे १६३ किलो, ३९० चं १६८. पाच किलोंचा फरक चालवताना जाणवत नाही.

इंजिन मात्र वेगळं. दोन्ही एका सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी. २५० मध्ये पिस्टनचा व्यास ७२ मिलिमीटर. ३९० मध्ये तो ८९. मागच्या पिढीतली ३९० खरं तर ३७३ सीसीची होती. २०२३ मध्ये पिस्टन तोच ठेवून त्याची धाव ६० वरून ६४ मिलिमीटर केली आणि इंजिन ३९९ सीसीच्या आसपास गेलं. २५० देते ९,२५० आरपीएमला ३१ पीएस आणि ७,२५० ला २५ न्यूटन-मीटर टॉर्क. ३९० देते ८,५०० ला ४६ पीएस आणि ६,५०० ला ३९ न्यूटन-मीटर.

यातला पीएसचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात. मी आधी टॉर्क आणि त्याच्यापुढचा आरपीएम बघतो. ३९० चा टॉर्क निम्म्याहून जास्त वाढलाय, आणि तो साडेसातशे आरपीएम आधीच हाती येतो. म्हणजे इंजिन कमी ओरडतं आणि जास्त ओढतं.

घाटात काय होतं

थोडा हिशेब करू. शंभर मीटरला आठ मीटर चढ, म्हणजे आपल्याकडचा चांगलाच उभा घाट. गाडी आणि दोन माणसं मिळून तीनशे किलो धरा आणि वेग ताशी ६०. नुसता तो चढ चढायला लागतात सुमारे ५ पीएस. वाऱ्याचे आणि टायरच्या घर्षणाचे वरचे काही धरले, तरी ३१ पीएसच्या गाडीला हे काहीच नाही. म्हणून "२५० घाटात डबलसीट दमते" असं कुणी म्हणालं, तर तो बहुधा वरच्या गिअरमध्ये चढत होता असं समजावं.

खरा फरक पडतो तो ओव्हरटेकला. आंबोली किंवा कुंभार्लीच्या चढावर पुढे उसाचा किंवा चिऱ्यांचा ट्रक ताशी वीसने रांगतोय, मागे बसलेल्याच्या पाठीवर सॅक आहे, आणि वळणाआधी शंभर-दीडशे मीटर रस्ता मोकळा दिसतोय. २५० वर असाल तर आधी दोन गिअर खाली, आरपीएम सात हजारांच्या वर, मग ट्रकच्या बाहेर. इंजिन तक्रार करत नाही, पण हे सगळं वेळेत आणि क्रमाने करावं लागतं. ३९० वर एक गिअर खाली टाकला तरी भागतं, कधी तोही टाकावा लागत नाही. ट्रकच्या शेजारून जाण्यात घालवलेले सेकंद कमी होतात आणि घाटातल्या ओव्हरटेकमध्ये धोका त्या सेकंदांतच असतो. माझ्या मते ३९० च्या जादा किमतीचं सगळ्यात पटणारं कारण हेच आहे.

उताराला मोठ्या सिलिंडरचं इंजिन ब्रेकिंगही जास्त मिळतं. सारखा ब्रेक दाबावा लागत नाही.

शहरात पारडं फिरतं

लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सात वाजता किंवा घोडबंदर रोडवर सकाळी नऊ वाजता ४६ पीएसचं काय करायचं? तिथे मोठा पिस्टन त्रासच देतो. ताशी वीस-पंचवीसच्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये ३९० गचके देते, म्हणून सारखा दुसरा टाकायचा आणि अर्धा क्लच धरायचा. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवेचा झोत पायांवर येतो. मे महिन्यात सिग्नलला उभं राहून हे सोसलेल्याला अधिक सांगायला नको. नवी ३९० जुन्यांपेक्षा या बाबतीत सुधारली आहे. तरी जास्त पेट्रोल जाळणारं इंजिन जास्त उष्णता बाहेर टाकणारच.

२५० या गर्दीत निवांत असते. उष्णता कमी, थ्रॉटल सौम्य, आणि लिटरला काही किलोमीटर जास्त. किती जास्त, ते उजव्या हाताच्या मनगटावर अवलंबून. रोज तीस-चाळीस किलोमीटर कामावर जाणाऱ्याला तो फरक महिन्याच्या पेट्रोल बिलात दिसतो.

पावसाळा आणि इलेक्ट्रॉनिक्स

एबीएस दोन्हींना आहे. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना तो एप्रिल २०१९ पासून सक्तीचाच आहे. ३९० ला त्यापुढची दोन साधनं मिळतात. एक, कॉर्नरिंग एबीएस. गाडी वळणात झुकलेली असताना ब्रेक लागला, तर ती किती झुकली आहे हे मोजून ब्रेकचा दाब ठरवला जातो. दुसरं, ट्रॅक्शन कंट्रोल. मागचं चाक जागेवर फिरायला लागलं की इंजिनाची ताकद आपोआप कमी होते. जोडीला पावसासाठी वेगळा रेन मोड. शिवाय फोर्क क्लिक फिरवून कडक-मऊ करता येतो. २५० ला हे काही नाही.

जुलैमध्ये ताम्हिणी घाटात डांबरावर वाहून आलेली लाल माती आणि वळणावर सांडलेलं डिझेल ज्यांनी बघितलंय, त्यांना ट्रॅक्शन कंट्रोलचं मोल कळेल. पण हेही खरं की त्याची गरज मुळात ताकद जास्त असल्यामुळे वाढते. २५ न्यूटन-मीटरवर मागचं चाक सहजासहजी सुटत नाही. ३९० मधलं लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या जागेवरून झपाट्याने सुटायचं साधन, मात्र आपल्या रस्त्यांवर निव्वळ मिरवायचं.

साडेतीनशेची रेघ

जादा पैशातला मोठा वाटा सरकारकडे जातो, आणि शोरूममध्ये कोटेशन हातात पडेपर्यंत अनेकांना याचा पत्ता नसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्यावरच्या दुचाकींवर ४० टक्के. त्याआधी हे दर २८ आणि उपकरासह ३१ टक्के होते. मूळ किंमत दोन लाख धरली, तर पूर्वी या रेघेच्या दोन बाजूंत सहा हजारांचा फरक पडायचा. आता तो ४४ हजारांचा आहे. कंपन्या यातला काही भार स्वतः उचलून किमती वर-खाली करतात, त्यामुळे आजचा आकडा विचारूनच हिशेब मांडावा.

विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. जून २०२२ च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, जीएसटी वेगळा. महाराष्ट्रात आरटीओचा एकरकमी कर १०० ते २९९ सीसीच्या पेट्रोल बाइकला ११ टक्के आणि त्यावर १२ टक्के, तोही जास्त किमतीवर. म्हणून एक्स-शोरूममधलं अंतर ऑन-रोडला आणखी रुंद झालेलं दिसतं.

पहिली बाइक म्हणून

युरोपात ए-टू परवान्यावर ३५ किलोवॉटपर्यंतच्याच बाइक चालवता येतात, आणि ३९० ची ताकद बरोबर त्या मर्यादेच्या आत बसवलेली आहे. तिकडे ती शिकण्याच्या दुसऱ्या पायरीवरची गाडी. आपल्याकडे अशी पायरीच नाही. काल गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळालेला अठरा वर्षांचा मुलगा आज कितीही सीसीची बाइक घेऊ शकतो. आठ पीएसच्या स्प्लेंडरवरून थेट ४६ पीएसवर उडी मारायला कायद्याची आडकाठी नाही, म्हणून ती आईवडिलांनी घालावी. २५० सुद्धा त्या मुलासाठी चौपट ताकदीची आहे.

कुणी कोणती घ्यावी

रोजचा प्रवास शहरातला आणि महिन्यातून एखादी लोणावळा-महाबळेश्वर फेरी असेल, तर २५० घ्यावी. ब्रेक आणि टायरची मापं तीच मिळतात, आणि वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि बूट घेऊनही रक्कम उरते. दर आठवड्याला घाट उतरून कोकणात किंवा गोव्याला जाणारे, त्यातही डबलसीट आणि सामानासकट, यांनी ३९० घ्यावी आणि पैशांची हळहळ करू नये. गिअरच्या बाइकवर वर्ष-दोन वर्षंही न काढलेल्याने तिच्याकडे सध्या बघूच नये.

टेस्ट राइड दोन्हींची एकाच दिवशी घ्या. शोरूमच्या भोवती चक्कर मारून समाधान मानू नका, एखादा चढ आणि थोडी गर्दी असलेला रस्ता निवडा. आणि नेहमी मागे बसणारं माणूस बरोबर न्या. ड्यूकची मागची सीट दोन्हींत अरुंद आणि उंच आहे.