प्रवाळांची बेटे

अरबी समुद्रात, केरळमधील कोची शहरापासून २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर लक्षद्वीप नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातील १० बेटांवर माणसांची वस्ती आहे. नारळाची झाडे, पांढरी वाळू आणि निळेहिरवे पाणी पाहून प्रवासी हरखून जातात. पण या बेटांचे खरे आश्चर्य पाण्याखाली आहे. ही बेटे एका चिमुकल्या प्राण्याने बांधली आहेत. त्या प्राण्याचे नाव प्रवाळ.

प्रवाळाला मराठीत पोवळे असेही म्हणतात. उर्दूत त्याला मूंगा किंवा मरजान म्हणतात. पुष्कळांना प्रवाळ म्हणजे दगड वाटतो, तर काहींना ती वनस्पती वाटते. प्रत्यक्षात तो प्राणी आहे. त्याचे शरीर मऊ पिशवीसारखे असते. बेटे बांधणारे प्रवाळ समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःसाठी कठीण घर तयार करतात. एक पिढी मरते आणि तिच्या घरांवर दुसरी पिढी घरे बांधते. अशी हजारो वर्षे गेली, म्हणजे समुद्रात प्रवाळांची भिंत उभी राहते. काही जातींचे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात.

प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. समुद्राचे पाणी फार तापले, की प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरेफटक पडतात. पाणी लवकर थंड झाले तर ते सावरतात. नाहीतर उपासमारीने मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या समुद्रात असेच घडले.

प्रवाळ मेले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. ही बेटे समुद्रापासून अवघी काही मीटर उंच आहेत. प्रवाळांची भिंत लाटांचा जोर मोडते, म्हणून बेटांवरची घरे, विहिरी आणि नारळाच्या बागा टिकून आहेत. भिंतीच्या आतल्या शांत पाण्यातील छोटे मासे कोळी आमिष म्हणून वापरतात आणि त्यांवर ट्यूना मासा पकडतात. भिंत खचली, तर घर आणि रोजी दोन्ही धोक्यात येतील.

कदमत, बंगारम अशा बेटांवर पाण्याखाली बुडी मारून प्रवाळ पाहण्याची सोय आहे. ही मौज जरूर घ्यावी. मात्र काही नियम पाळावेत. आधी वाळूच्या तळावर सराव करून पाण्यात स्थिर राहायला शिकावे. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये. पायातील रबरी पंखांनी वाळू उडवू नये, कारण ती प्रवाळांवर बसून त्यांना गुदमरवते. माशांना खाऊ घालू नये. होडीचा नांगर प्रवाळांवर टाकू नये. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडाही आणू नये. आपल्या देशात प्रवाळ तोडणे हा कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. तेथेही हेच नियम लागू पडतात. दुसऱ्याच्या घरी गेलेला पाहुणा जसा जपून वागतो, तसेच पाण्यात उतरणाऱ्याने वागावे. प्रवाळाची फांदी मोडायला एक क्षण पुरतो; ती पुन्हा वाढायला कित्येक वर्षे लागतात.